छेद कोणता? वैद्यकीय संशोधन आणि संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर : एक आढावा

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा चार आकडे एकाच वेळी फिरत होते. एका स्वयंसेवी संस्थेने 2018 मध्ये सुमारे 200 स्त्रियांची पाहणी केली होती आणि तिच्यात 36 टक्के स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे 2015-16 मध्ये, देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते. जून 2019 मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले, की बीड जिल्ह्यातील 99 खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात 82,309 स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची, म्हणजे 17 टक्क्यांच्या जरा आत, शस्त्रक्रिया झालेली होती. हे चारही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. ते एकमेकांशेजारी ठेवून तुलना केली, की मात्र गोंधळ सुरू होतो. आणि ही तुलना कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये भरली, तर ते विनातक्रार उत्तर देते.

वैद्यकीय संशोधनात संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर कसे वापरावे, कोणी वापरावे आणि त्याने दिलेल्या उत्तरावर किती विसंबावे, हा वाद चार-पाच दशकांचा आहे. त्याचा आढावा बीडच्या या आकड्यांपासून घ्यावा असे मला वाटते. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्यासारख्या गावापासून बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांपर्यंत ज्या बायकांच्या आयुष्याशी हा प्रश्न जोडलेला आहे, त्यांच्या दृष्टीने हिशेब कोणत्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर झाला याला महत्त्व नाही. प्रश्नापासून उत्तरापर्यंतची वाट तिसऱ्या माणसाला पुन्हा चालून बघता येते का, याला आहे.

शेतातून दवाखान्यात

आज वैद्यकीय महाविद्यालयांत वापरली जाणारी बहुतेक साधने दवाखान्यात जन्मलेली नाहीत. एसपीएसएस 1968 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाले ते समाजशास्त्रज्ञांच्या पाहण्यांसाठी. सॅसची मुळे नॉर्थ कॅरोलायनातील शेतीविषयक प्रयोगांत आहेत. एपी इन्फो मात्र खास साथरोगांसाठी, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 1985 मध्ये काढले. ते फुकट आहे आणि साध्या संगणकावर चालते. त्याच वर्षी स्टाटा बाजारात आले. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 1990 च्या दशकात ‘आर’ ही भाषा रचली, ती सर्वांसाठी खुली केली आणि 29 फेब्रुवारी 2000 रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली.

शेतीशी असलेला हा संबंध महाराष्ट्रालाही परका नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे शेतीच्या उत्पादनाच्या अंदाजासाठी नमुना पाहणीचे शास्त्र घडवत जागतिक कीर्तीला पोचले आणि उत्तरायुष्यात आहार व कुपोषणाच्या प्रश्नाकडे वळले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2,250 उष्मांक ही रेषा धरून देशातील दारिद्र्य मोजले. सुखात्म्यांचा आक्षेप बेरीज-वजाबाकीवर नव्हता. एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरता येणार नाही, रेषा बरीच खाली घ्यावी लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की असे केल्याने खरी भूक आकड्यांतून पुसली जाते. माहिती तीच असूनही उपाशी लोकांची संख्या कोटींनी बदलत होती. संगणक महाविद्यालयांत पोचण्याआधी हा वाद मराठी अभ्यासकांनी पूर्ण गांभीर्याने लढवला आहे. सॉफ्टवेअरच्या आजच्या चर्चेत त्याची आठवण क्वचितच निघते.

महाविद्यालयांत सॉफ्टवेअर शिरले ते प्रबंधाच्या वाटेने. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याला प्रबंध सक्तीचा आहे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये सुरू झाल्यापासून राज्यातल्या वैद्यकीय प्रबंधांचा ओघ तिथे जातो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याची वाटही तीच: सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, केसेस, एक्सेलमधला मास्टर चार्ट, आणि शेवटी ‘स्टॅटिस्टिक्स करून घेणे’. क्रियापदातला हा ‘घेणे’ बहुतेक वेळा शब्दशः खरा असतो. अलीकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नईतील संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. ही सुधारणा मोलाची आहे. पण व्याख्यान ऐकणे निराळे आणि स्वतःच्या मास्टर चार्टवर हात चालवणे निराळे.

बीडचा हिशेब

आता ते चार आकडे तपासू. 4,605 हा फक्त अंश आहे, त्याला छेद जोडलेला नाही. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार होती आणि तीत स्त्रिया 12 लाख 36 हजार. वर्षाला 1,535 शस्त्रक्रिया धरून सर्व स्त्रियांनी भागले, तर हजारी सव्वा येतात. पण या छेदात तान्ह्या मुलीही आहेत. शिवाय सरकारी रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया यात नाहीत, सोलापूर-पुण्याला जाऊन केलेल्या नाहीत, आणि बाहेरच्या जिल्ह्यातून बीडमध्ये येऊन केलेल्या कदाचित आहेत. त्याहून मोठा भेद असा, की हा आकडा तीन वर्षांत नव्याने झालेल्या शस्त्रक्रियांचा आहे, तर 17 आणि 36 टक्के हे आयुष्यभरात कधीही झालेल्या शस्त्रक्रियांचे साठलेले प्रमाण आहे. पहिल्यावरून दुसऱ्याला खोटे पाडता येत नाही, आणि दुसऱ्यावरून पहिल्यालाही नाही.

36 टक्क्यांचे काय? 200 स्त्रिया स्वैर पद्धतीने निवडल्या असत्या, तर कोणतेही सॉफ्टवेअर सांगेल, की खरे प्रमाण साधारण 29 ते 43 टक्क्यांच्या दरम्यान असावे. पण गावपाहणीत स्त्रिया एकेकट्या निवडल्या जात नाहीत, निवडली जातात ती गावे. एकाच गावातल्या बायका त्याच तालुक्याच्या डॉक्टरकडे जातात, त्याच मुकादमाच्या टोळीत असतात, जावेचे ऐकून जाऊ निर्णय घेते. समजा दहा गावांतून वीस-वीस जणी घेतल्या आणि गावातले साम्य दर्शवणारा सहसंबंध 0.05 इतका अल्प धरला, तरी 200 जणींची माहिती जेमतेम 103 जणींइतकी उरते आणि ती मर्यादा 27 ते 45 टक्के अशी रुंदावते. ही दुरुस्ती स्टाटात, आरमध्ये, एसपीएसएसच्या एका स्वतंत्र भागात करता येते. पण ‘ही माहिती गावांच्या झुबक्यांतून आली आहे’ हे सांगावे लागते. मेनूतले नेहमीचे बटण दाबले, तर प्रत्येक ओळ स्वतंत्र माणूस मानली जाते.

82,309 स्त्रियांची पाहणी या अडचणीतून सुटते असे वाटेल. संख्या इतकी मोठी, की सॉफ्टवेअर 16.6 ते 17.1 टक्के अशी चिंचोळी मर्यादा छापेल. मोठ्या आकड्यांचा धोका इथेच आहे, कारण ती मर्यादा फक्त नमुन्याच्या योगायोगाबद्दल बोलते. पाहणीत कोण आले आणि कोण राहून गेले, याबद्दल ती काही सांगत नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात घरोघर फिरणाऱ्या पाहणीला नेमक्या याच बायका भेटत नाहीत. पाळीच्या त्रासाने एक दिवस काम बुडाले, तरी खाडा म्हणून दंड कापला जातो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. म्हणून ‘कारण काय’ या रकान्यात लिहिलेले उत्तर कोण विचारतो आहे आणि मुकादम जवळ उभा आहे का, यावरही अवलंबून असते. राष्ट्रीय सरासरीशी तुलना करतानाही वय जुळवावे लागते. 15 ते 49 या गटात शाळकरी मुली आहेत, त्यांच्यात ही शस्त्रक्रिया जवळजवळ नसते. ऊसतोडीच्या पाहणीत मात्र लग्न झालेल्या, मुले झालेल्या स्त्रिया अधिक असणार. वय जुळवल्यावर 17 आणि 3 मधले अंतर कमी होईल. ते मिटेल असे मात्र मला वाटत नाही, आणि तरुण वयात झालेल्या शस्त्रक्रियांचे गांभीर्य तर त्याने तसूभर कमी होत नाही.

राष्ट्रीय सर्वेक्षणाची माहिती अभ्यासकांना विनामूल्य मिळते. चौथ्या फेरीत सात लाखांच्या आसपास स्त्रिया होत्या. छोट्या जिल्ह्यातून आणि मोठ्या जिल्ह्यातून घेतलेल्या घरांची संख्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात नसते, म्हणून प्रत्येक नोंदीला भार दिलेला असतो. तो भार न लावता टक्केवारी काढली, तरी संगणक आकडा देतोच, चुकीची लाल खूण कुठेही उमटत नाही. या माहितीवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा.

मेनू की आज्ञावली

सॉफ्टवेअरबद्दलचा सर्वांत जुना मतभेद मेनूवर टिचकी मारणारे आणि आज्ञावली लिहिणारे यांच्यातला आहे. मेनूच्या बाजूचे म्हणणे रास्त आहे. निवासी डॉक्टरला वॉर्ड आहे, इमर्जन्सी आहे, परीक्षा आहे. त्याला प्रोग्रॅमर करणे हा वैद्यकीय शिक्षणाचा हेतू नाही. काय-स्क्वेअर आणि टी-टेस्ट लावायला पडद्यावरच्या चार खिडक्या पुरतात, आणि चुकीच्या जागी पडलेल्या स्वल्पविरामाशी झगडण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या कामाचा नाही. शिवाय आज्ञावली लिहिली म्हणून पद्धत बरोबर निवडली असे होत नाही.

दुसरी बाजू म्हणते, की टिचकीचा माग उरत नाही. कोणत्या केसेस गाळल्या, वयाचे गट कुठे तोडले, कोरे रकाने शून्य धरले की सोडून दिले, हे सहा महिन्यांनी खुद्द संशोधकालाही सांगता येत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे उदाहरण इथे निर्णायक आहे. कर्करोगाच्या गाठीतील जनुकांवरून कोणते औषध लागू पडेल ते सांगता येते, असा दावा तिथल्या गटाने 2006 मध्ये केला आणि त्याच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टनमधील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांना तो निकाल पुन्हा काढता येईना. त्यांनी उलट दिशेने माग काढला, तेव्हा यादी एका ओळीने सरकलेली आणि ‘औषध लागू पडते’, ‘पडत नाही’ या खुणा काही ठिकाणी उलटलेल्या आढळल्या. त्यांचा लेख 2009 मध्ये आला, त्यानंतर चाचण्या थांबल्या, मूळ निबंध मागे घेतला गेला. चूक साधीच होती. तिच्यापर्यंत पोचायला वर्षे लागली, कारण कामाची नोंद खुली नव्हती. इंग्लंडमध्ये 2020 च्या शरद ऋतूत जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलला 65,536 ओळींची मर्यादा असल्यामुळे कोविडचे 15,841 रुग्ण अहवालातून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला. जनुकांची नावे एक्सेल तारखांत बदलते, या खोडीपायी तर 2020 मध्ये काही मानवी जनुकांची नावेच बदलावी लागली.

या वादात मधली वाट आता तयार आहे. एसपीएसएसमध्येही प्रत्येक टिचकीमागची आज्ञा ‘पेस्ट’ बटणाने साठवता येते. किती मार्गदर्शक ती मागतात, हा खरा प्रश्न. जमोवी, जॅस्प आणि जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठात तयार झालेले ईझेडआर ही साधने फुकट आहेत, मेनूने चालतात, आणि ईझेडआर तर प्रत्येक मेनूमागची आरमधली आज्ञाही दाखवते. परवान्याचा खर्च हा इथे गौण मुद्दा नाही. ग्रामीण महाविद्यालयातला विद्यार्थी महागडे सॉफ्टवेअर विकत घेत नाही, तो कुणाची तरी प्रत वापरतो किंवा काम बाहेर देतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्येच स्पष्ट केले आहे, की विशिष्ट सॉफ्टवेअर वापरण्याची सक्ती नाही, वापरलेल्याची पूर्ण नोंद हवी. तेव्हा ‘एसपीएसएस नसेल तर निबंध स्वीकारत नाहीत’ या समजुतीला आधार नाही.

विश्लेषण कोणी करावे

एक मत असे, की हे काम संख्याशास्त्रज्ञाचेच आहे. सर्जन स्वतः भूल देत नाही, तसे त्याने रिग्रेशनही करू नये. दुसरे मत असे, की आजार न कळणारा माणूस आकड्यांतली विसंगती ओळखू शकत नाही. हिमोग्लोबिन 1.2 लिहिले असेल, तर तो 12 चा घसरलेला बिंदू आहे की मरणासन्न रुग्ण, हे डॉक्टरच सांगेल. दोन्ही मतांत तथ्य आहे. वास्तवात महाविद्यालयात संख्याशास्त्रज्ञाचे पद असते ते सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात, बहुधा एकच, आणि त्याच्याकडे सगळ्या विभागांचे प्रबंध केसेस गोळा झाल्यावर येतात. तोवर नमुना ठरलेला असतो, तुलनेचा गट राहून गेलेला असतो. पैसे घेऊन विश्लेषण करून देणाऱ्यांचा व्यवसाय या पोकळीतच वाढला आहे. त्यांतले अनेक जण सक्षम आणि प्रामाणिक आहेत, पण त्यांच्यापर्यंत मूळ प्रश्न पोचतच नाही. संख्याशास्त्रज्ञाची सही सिनॉप्सिसवर असावी, प्रबंधाच्या शेवटच्या पानावर नव्हे, इतका बदलही पुष्कळ आहे.

चांगले काम खेड्यात होऊ शकते, याला गडचिरोली साक्ष आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन गावांतल्या 650 स्त्रियांच्या तपासणीचा निष्कर्ष मांडला: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. 1999 मध्ये त्यांनी 39 गावांतल्या घरगुती नवजात सेवेचा निकाल 47 गावांच्या तुलनेत दिला. जिथे सेवा पोचली, तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25.5 वर आला. गावे स्वैर पद्धतीने वाटलेली नव्हती, हा आक्षेप नोंदवायलाच हवा. पण त्या कामाचे बळ गावात प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवण्याच्या चिकाटीत होते. छेद पक्का होता. तो पक्का असला, की पद्धतीवर वाद घालता तरी येतो.

पी-व्हॅल्यूचा वाद

पी-व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी आली की निष्कर्ष ‘सिग्निफिकंट’, ही सवय सॉफ्टवेअरने घट्ट केली. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने 2016 मध्ये निवेदन काढून सांगितले, की पी-व्हॅल्यू परिणामाचा आकार किंवा महत्त्व सांगत नाही आणि निर्णय केवळ तिच्यावर टाकू नये. 2019 मध्ये ‘नेचर’मधील एका टिपणाला आठशेहून अधिक शास्त्रज्ञांनी पाठिंबा देऊन ‘सिग्निफिकंट’ ही वर्गवारीच सोडण्याची मागणी केली. काहींचा प्रस्ताव उलटा होता: सीमा 0.005 वर आणा. सीमा ठेवण्याच्या बाजूचे म्हणतात, की ती काढली तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ लावेल. हे भय निराधार नाही. 2018 च्या एका प्रयोगात 29 गटांना एकच माहिती आणि एकच प्रश्न दिला: फुटबॉलमध्ये पंच सावळ्या खेळाडूंना अधिक लाल कार्डे दाखवतात का? वीस गटांना संबंध आढळला, नवांना नाही. कोणी लबाडी केली नव्हती. म्हणून सीमा कुठे असावी यापेक्षा पद्धत आधी जाहीर केली होती का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उपचारांच्या चाचण्यांसाठी भारतात 2007 पासून नोंदणी आहे आणि 2009 पासून ती सक्तीची आहे. निरीक्षणात्मक प्रबंधांना, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य कामाला, तशी शिस्त नाही.

न सुटलेले

सर्वांत अवघड प्रश्न खुलेपणाचा आहे. माहिती खुली करा म्हणणे सोपे. पण तीनशे उंबऱ्यांच्या वाडीत ‘वय 29, तीन मुले, पिशवी काढलेली, कोयता अमुक टोळीत’ इतके लिहिले, तरी ती बाई कोण हे गावाला कळते. नाव खोडल्याने गोपनीयता राखली जात नाही. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, तरी लहान गावांच्या आरोग्य माहितीचे गट किती मोठे करावेत, याची रीत आपल्याकडे रुळलेली नाही. दुसरा प्रश्न ताजा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मराठीत विचारले तरी आरची आज्ञावली लिहून देतात. मेनू विरुद्ध आज्ञावली हा वाद त्याने जवळपास निकालात निघेल. मात्र झुबक्यांची दुरुस्ती आणि भार लावणे ती साधने मागितल्याशिवाय करतीलच, याची हमी नाही, आणि मागणाऱ्याला ते माहीत असावे लागतेच.

यावर आक्षेप येईल, की छेदाची चूक संशोधनाच्या आखणीतली आहे, सॉफ्टवेअरच्या माथी ती का मारायची? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच सॉफ्टवेअर बदलून ही चूक सुटणार नाही. पण आज्ञावली, रकान्यांचा अर्थ सांगणारी सूची आणि गाळलेल्या नोंदींचा हिशेब प्रबंधासोबत जोडला, तर परीक्षकाला छेद दिसतो. आरोग्य विद्यापीठाने एवढी एक अट घालावी. तिला फार खर्च नाही. आणि ऊसतोड स्त्रियांच्या पाहण्यांची माहिती, ओळख पटणार नाही इतके गट मोठे करून, अंबाजोगाईच्या महाविद्यालयाला अभ्यासासाठी मिळावी. शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, ऊसतोडीची वर्षे आणि शस्त्रक्रियेचे साल, एवढ्या तीन रकान्यांचा तक्ता तरी आधी व्हावा. एपी इन्फो त्याला पुरेसे आहे.